चौथ्या भागापासून गाठी दिसत नाहीत

भाचीने मोबाइल मावशीच्या नाकासमोर धरला तेव्हा मावशीच्या ओठांत चार टाचण्या होत्या, त्यामुळे तिला काही बोलता आलं नाही. पुढचे दोन दिवस तिला राहून राहून वाटत होतं, टाचण्या होत्या ते बरंच झालं. नाहीतर तोंडातून काहीतरी निसटलं असतं, आणि भाची पडली मानसशास्त्र शिकणारी, तिने ते जमिनीवर पडायच्या आत झेललं असतं. "मावशी, हे बघच," भाची म्हणाली होती. "तुझ्यावर आहे. म्हणजे तुझ्या त्या हिरवेकाकांवर. एकच ते." पडद्यावर माणूस नव्हताच. नुसता एक हात, हातात पेन्सिल, आणि मागून सर्दी झाल्यासारखा आवाज. चॅनलचं नाव 'सुतावरून'. "सुतावरून स्वर्ग, त्यातलं," भाचीने खुलासा केला. "स्वर्ग त्याने मुद्दाम गाळलाय. म्हणतो, तो ज्याचा त्याने गाठायचा." ती टाचण्यांमधून हसली. टाचण्या ओठांत धरून हसायची एक पद्धत असते, नाकाने हसायचं. ती तीस वर्षांच्या सरावाने येते.

'पाहुणे येतायत' ही मालिका तिने स्वतः कधी सलग पाहिली नव्हती. स्वयंपाक करणाऱ्याला भूक लागत नाही तसं. पाच बाहुल्यांचं एक कुटुंब सकाळपासून बशा पुसत पाहुण्यांची वाट बघतं. बेल वाजते, दार उघडतात, दारात कोणी नसतं. आत वळून बघतात तर घरात एक खुर्ची वाढलेली असते, आणि त्या खुर्चीकडे कोणी बघायचं नाही असं सगळ्यांनी न बोलता ठरवलेलं असतं. एवढंच. सहा भाग झाले होते, सातवा शेवटचा. पहिल्यांदा गोष्ट ऐकली तेव्हा ती दिग्दर्शकाला म्हणाली होती, "यात घाबरण्यासारखं काय आहे? आमच्याकडे रोज असंच असतं." दिग्दर्शक खूप हसला होता आणि त्याने ते वाक्य उचलून काकू नावाच्या बाहुलीच्या तोंडी घातलं होतं. लोक म्हणे त्या वाक्याला सगळ्यात जास्त घाबरले. पाचही बाहुल्या तिने शिवलेल्या. आणि त्यातल्या हिरवेकाकांच्या आत गेली दोन वर्षं तिच्या नवऱ्याचा उजवा हात होता. स्टुडिओत त्याला नाव उरलं नव्हतं, सगळे त्याला हातच म्हणत. हात आला का. हात जेवतोय. हाताला सांगा, लाइट लागलेत. सुरुवातीला ती घरी पण चेष्टेत म्हणायची, हातानं जरा कपडे वाळत घालावेत. मग म्हणेनाशी झाली. कधीपासून, ते तिला सांगता आलं नसतं. पेन्सिलवाल्याला सांगता आलं.

सिद्धांत दुसरा. (पहिला तिने ऐकलाच नाही, भाची आवाज वाढवत होती.) बाहुल्यांच्या बैठकीच्या खोलीतल्या, खिडकीच्या पडद्यावर सात फुलं सुलटी आहेत आणि एक उलटं. ते आठवं फूल म्हणजे घरातली मुलगी, जिचं नाव कुणी घेत नाही. तिला आठवलं, तो पडदा स्टुडिओच्या मालकिणीने घरातला जुना काढून दिला होता. इस्त्रीने जळलेल्या जागी तिने ठिगळ लावलं आणि कापड अपुरं पडल्यामुळे फूल उलटं बसलं. सिद्धांत पाचवा, घड्याळात कायम चार वाजून वीस मिनिटं. पेन्सिलवाल्याने चार आणि वीसची बेरीज केली, वजाबाकी केली, आणि त्यातून हिरवेकाकांचं वय काढलं. खरी गोष्ट अशी की टिकटिक माइकमध्ये येते म्हणून आवाजवाल्याने घड्याळातली बॅटरी काढून आपल्या रिमोटला घातली होती. सिद्धांत नववा, बारावा. ती मजेत ऐकत होती. कुणीतरी इतकं मन लावून आपल्या ठिगळांकडे बघतंय याचं तिला थोडं बरंही वाटत होतं, का नाही वाटणार. घरच्या माणसाने गेल्या कित्येक महिन्यांत तिच्या ठिगळांकडे इतकं पाहिलं नव्हतं.

सिद्धांत सतरावा. पेन्सिल हिरवेकाकांच्या जबड्याखाली येऊन थांबली. "पहिले तीन भाग बघा," सर्दीचा आवाज म्हणाला. "इथे पाच गाठी आहेत. बारीक, हिरव्या, नीट बघितल्याशिवाय दिसणार नाहीत. आता चौथा भाग. गाठी नाहीत. पाचव्यात नाहीत, सहाव्यात नाहीत. कुणी म्हणेल शिवणारीचा हात सफाईदार झाला असेल. पण मंडळी, बाकी चौघांच्या गाठी जिथल्या तिथे आहेत. फक्त हिरवेकाकांच्या गेल्या. याचा अर्थ एकच. बाहेरून काका तेच आहेत. आतला माणूस बदललाय."

टाचण्या चार होत्या. तिने जिभेने मोजल्या.

"मावशी, हे तू मुद्दाम केलंस?" भाचीने विचारलं. तिने एकेक टाचणी काढून उशीला टोचली, चारही झाल्यावर म्हणाली, "धागा संपला असेल." "धागा संपला तर गाठी कशा जातील?" "तुला शिवणातलं काय कळतंय गं. बटण तुटलं तर आईकडे पळतेस." भाची हसली, तिने पुढचा व्हिडिओ लावला, त्यात कुणीतरी मांजरं पाळली होती. आणि ती मान खाली घालून काकूंच्या बाहीला अस्तर लावत राहिली आणि तिच्या लक्षात आलं की आपण गाठ बाहेरच्या बाजूला घेतोय. आताही. न ठरवता. काकूंच्या आत एका नाटकवाल्या मुलीचा हात असतो, तिचं नाव सुद्धा तिला नीट माहीत नव्हतं, आणि तिच्यासाठी गाठ बाहेर.

गाठ बाहेर घ्यायची ही सवय आत्याची. आत्या नुकत्या जन्मलेल्या बाळांची अंगडी शिवायची, एका दवाखान्यासाठी, ढिगाने. तिची शिवण उलटी असायची. सगळ्या कडा, सगळ्या गाठी बाहेरच्या अंगाला, आतून कापड लोण्यासारखं. ती लहान असताना म्हणाली होती, आत्या, हे उलटं दिसतं. आत्या म्हणाली, बाळ काय आरशात बघतंय होय? गाठ बाहेर, बाळ आत, जगाला टोचलं तर टोचू दे. तेव्हापासून ज्या कापडाच्या आत माणसाची कातडी जाणार त्याची गाठ बाहेर, हे तिच्या बोटांत बसलं होतं, डोक्याला विचारावं लागत नव्हतं. हातबाहुलीच्या आत अस्तर असतं आणि अस्तराच्या आत हात, दिवसाला आठ आठ तास, वर दिवे. घामाने अस्तर कडक होतं, म्हणून दर भागाला ती नवं शिवायची आणि जबड्याखाली पाच ठिकाणी पक्कं टाचायची. पाच टाके, पाच गाठी. दिग्दर्शक पहिल्यांदा कुरकुरला होता, ताई, क्लोजअपला गाठी दिसतात. दिसू देत, ती म्हणाली होती, हाताला टोचल्या तर काका नीट बोलायचे नाहीत. आणि तो, तिचा नवरा, बाजूला उभा राहून गालात हसला होता आणि हात आत घालून हिरवेकाकांच्या आवाजात म्हणाला होता, "सूनबाई, अगदी लोण्यासारखं हो." सगळ्यांसमोर. तिला लाज वाटली होती, पंचेचाळिसाव्या वर्षी.

गाठ मारणे, गाठ पडणे, गाठ घेणे. पदराशी गाठ. मनाशी गाठ. गाठ लागली म्हणून डॉक्टरकडे जाणे. स्वर्ग गाठणे. एवढ्याशा शब्दाला किती ओढायचं, असं तिला वाटलं, आणि तो शब्द डोक्यातून काही गेला नाही.

कामाच्या खोलीत, कपाटाखाली, बुटांच्या खोक्यात ती जुनी अस्तरं ठेवायची, पुढचं बेतायला माप म्हणून. भाची गेल्यावर तिने खोकं ओढलं. दुपार होती, खिडकीतून समोरच्या इमारतीचं प्लास्टर दिसत होतं आणि कुणीतरी गच्चीवर गादी झोडत होतं. सहा अस्तरं, वाळलेल्या पानांसारखी. तिने ती क्रमाने मांडली. पहिलं, दुसरं, तिसरं: आतून बोट फिरवलं, काही लागलं नाही. चौथ्याला लागलं. पाच गाठी, आतल्या अंगाला, आणि साध्या नव्हेत, दुहेरी. पाचव्याला तिहेरी होत्या. हे तिनेच केलं होतं, दुसरं कोण करणार, आणि तिला त्यातली एकही गाठ मारल्याची आठवण नव्हती. सहाव्या अस्तरात मधल्या बोटाच्या जागी एक तांबूस ठिपका होता, तिळाएवढा. तिने तो नखाने खरवडून पाहिला. मग न्हाणीघरातली कचऱ्याची टोपली आठवली, गेल्या काही महिन्यांत तिच्यात दिसणाऱ्या त्या बारीक पट्ट्या, जखमेवर लावायच्या. तिने त्या रोज पाहिल्या होत्या आणि रोज उचलून बाहेर टाकल्या होत्या आणि कधी विचारलं नव्हतं. दाढी करताना लागलं असेल. बोटाने कोण दाढी करतं?

आतापर्यंत तिला एकाच गोष्टीची धास्ती होती, की त्याने तो व्हिडिओ पाहिला तर. आता तिला कळलं की त्याला व्हिडिओची काही गरजच नव्हती. तो व्हिडिओ बघणाऱ्या सत्तावीस हजार लोकांना बाहेरून जे आता कळलं ते त्याला आठ महिने आतून माहीत होतं. आणि तो बोलला नव्हता. एकवीस वर्षांच्या संसारात माणसं काय काय बोलत नाहीत, पण टोचतंय हे तर कोणीही बोलतं. बसमध्ये अनोळखी माणूससुद्धा म्हणतो, तुमची छत्री टोचतेय. घरात त्यांचं बोलणं चाललंच होतं म्हणा. किल्ली घेतलीस का, दूध आलंय, नळाचा वॉशर गेलाय. भांडण म्हणून नव्हतं. कुणी विचारलं असतं तर दोघांनीही सांगितलं असतं, छान चाललंय. ती सहावं अस्तर हातात चढवून बसली. त्याचा हात तिच्यापेक्षा मोठा, तिची बोटं आत लोंबकळत होती, तरी मधलं बोट बरोबर त्या गाठीवर टेकलं. टोचत होतं. फार नाही. न बोलता सहन करता येईल इतकंच, आणि विसरता येणार नाही इतकं.

चौथ्या भागाच्या आधी काय झालं होतं ते मात्र तिला शोधावं लागलं नाही. ते तिथेच होतं, बोटाखाली. एका चॅनलवाल्यांनी मुलाखत घेतली होती, इथेच, याच खोलीत, मागे कपाट छान दिसतं म्हणून. तो पुढे बसला होता आणि ती मागे काम करत होती, कारण त्यांनी सांगितलं होतं, ताई तुम्ही नेहमीसारखं काहीतरी शिवत बसा, वातावरण येईल. तिने वातावरण दिलं होतं. मुलाखत घेणाऱ्याने विचारलं, हिरवेकाका इतके जिवंत कसे वाटतात? आणि त्याने आपला उजवा हात, नुसता, उघडा, कॅमेऱ्यासमोर धरून त्याचं तोंड केलं, अंगठा आणि चार बोटं, आणि ते तोंड असं काही वळवलं की सगळे हसले. "बाहुली म्हणजे शेवटी हात," तो म्हणाला. "बाकी काय, चिंध्या." ती पण हसली. नाकाने नव्हे, चांगली तोंडाने. तिच्या हातात तेव्हा हिरवेकाकांचा खालचा ओठ होता, तिसऱ्यांदा उसवलेला, कारण बोलताना तो डावीकडे किंचित लोंबावा असं त्यालाच हवं होतं, आणि ते जमायला तिला नऊ दिवस लागले होते. ती रागावली नव्हती. खरंच नव्हती. रागावल्यावर तिला कळायचं, ती भांडी आपटायची. त्या दिवशी तिने भांडी हळूच ठेवली होती. राग बोटांत गेला असेल आणि तिला कळवायचं राहून गेलं असेल, असं होतं का माणसाचं? भाचीला विचारलं असतं तर तिने एखादं नाव सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिग्दर्शकाने सगळ्यांना स्टुडिओत बोलावलं. तो तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान होता आणि खूश झाला की एका जागी उभा राहायचा नाही. "ताई, मी तुमच्या पाया पडायचा बाकी आहे," तो म्हणाला. "मला न सांगता इतकं डोकं लावलंत? गाठी! आतला माणूस बदललाय! मी दोन वर्षं शेवट शोधतोय आणि तुम्ही तो जबड्याखाली शिवून ठेवलाय." आवाजवाला म्हणाला, "आणि माझी बॅटरी?" "तुझी बॅटरी पण घेतो, थांब. ताई, खरं सांगा, तुमच्या मनात काय होतं? मला लिहायला लागेल." सगळे तिच्याकडे बघत होते. तिचा नवरा चहाच्या कपाकडे बघत होता. त्याच्या मधल्या बोटाला आज पट्टी नव्हती, नुसता एक घट्टा, पिवळट. "काही नव्हतं मनात," ती म्हणाली. "अहो, असं कसं?" "नव्हतं. धागा बदलला होता, जाड मिळाला, बाहेर बरा दिसला नसता." दिग्दर्शकाने निराश होऊन एक फेरी मारली आणि परत आला. "असू दे. कारण काही का असेना, आता ते आहे. शेवटच्या भागात गाठी परत येणार. बाहेर. लाल धाग्याच्या, मोठ्या, लांबून दिसल्या पाहिजेत. म्हणजे खरे काका परतले. परवा शूटिंग." मग त्याने नवऱ्याकडे वळून विचारलं, "काय दादा? चालेल ना हाताला?" तो कपातून वर न बघता म्हणाला, "हाताला काय, हात सांगाल तिथे जातो."

ती घरी आली आणि कापायला बसली. तेव्हा तिला दिसलं की आपल्या हातातून काय काढून घेतलंय. कालपर्यंत गाठ बाहेर घेणं सोपं होतं. अस्तर बेतायचं, पाच टाके, गाठी बाहेर, त्याने हात घातला असता, काही टोचलं नसतं, त्याला कळलं असतं. एक शब्द न बोलता आठ महिने गेले तसे एक शब्द न बोलता मिटले असते. आता त्या गाठी मागणी केलेल्या. लाल. मोठ्या. दिग्दर्शकाने सांगितल्या म्हणून मारलेल्या. त्यांच्यात तिचं काही नव्हतं, आणि असलं तरी त्याला ते कळायची सोय नव्हती. उलट आत घ्याव्यात तर शेवटचा भाग बिघडणार, आणि त्याचं बोट. तिने लाल धागा ओवला, काढला, परत ओवला. सुईत धागा ओवायला तिला चष्मा लागत नाही याचा तिला अभिमान होता, आज तीन वेळा चुकला. शेवटी तिने दिग्दर्शकाने सांगितलं होतं तसं केलं. पाच लाल गाठी, बाहेर, हरभऱ्याएवढ्या. चांगल्या आल्या. खोट्या गोष्टी चांगल्या येतात, त्यांना घाई नसते.

दुसऱ्या दिवशी चार वाजता तो मापाला आला. ही त्यांची जुनी रीत होती, शूटिंगच्या आदल्या दिवशी बाहुली हातावर चढवून बघायची. ती म्हणायची, "हात दे," आणि तो द्यायचा. आजही तिने म्हटलं. त्याने बाही वर केली, हात आत सरकवला, बोटं नीट बसवली, हिरवेकाकांनी मान वर केली आणि तोंड उघडलं. ओठ डावीकडे किंचित लोंबला. "सूनबाई," काका म्हणाले.

"त्यांच्या आवाजात नको," ती म्हणाली.

काकांचं तोंड मिटलं. मग तो स्वतःच्या आवाजात, जो बऱ्याच दिवसांत वापरला नसल्यासारखा खरखरला, म्हणाला, "टोचत नाहीये."

"हं."

"पण या त्याने सांगितलेल्या."

"हो."

"म्हणजे तू काहीच म्हणत नाहीयेस."

तिने कात्री उचलली आणि ठेवली. "आधी टोचायचं तर बोलला का नाहीस?"

"मी काय बोलणार? तू बोलत होतीस की. मला वाटलं, तेवढं तरी बोलतेय." तो खुर्चीवर बसला, काका मांडीवर आडवे. "फक्त कळत नव्हतं कशाबद्दल. खूप शोधलं. तो पेन्सिलवाला सतरा म्हणतो ना, माझे नऊ होते. एक, तुझ्या बाबांच्या ऑपरेशनला मी दोन दिवस उशिरा पोचलो. दोन, तुझं जुनं मशीन माळ्यावर टाकू म्हणालो. तीन, तुझ्या बहिणीला जाडी म्हणालो."

"ताईला तू जाडी म्हणालास?"

"बघ, म्हणजे तो बाद." त्याने डाव्या हाताचं एक बोट मिटलं. "मग एक होता की घरातला पडदा बदलला ते तुला आवडलं नाही. एकदा वाटलं मी घोरतो. मग रोज चौथ्या भागाचे दिवस आठवायचो, आज हे केलं, उद्या ते केलं. काही सापडलं नाही. बोटाला विचारायचो. बोट म्हणायचं, आहे काहीतरी."

तिला हसू यायला हवं होतं, आणि थोडं आलंही. हा माणूस आठ महिने तिच्या अस्तरात हात घालून अर्थ लावत बसला होता. आणि तिने तरी काय केलं होतं? एका ओळीवरून, हसत म्हटलेल्या, तिने एकवीस वर्षांचा हिशोब उलटा लावला होता. पेन्सिलवाल्याने उलट्या फुलातून मुलगी काढली तसा. पण फूल उलटं होतंच ना. कापड अपुरं पडलं म्हणून का होईना, पडद्यावर ते उलटंच होतं, बघणाऱ्याने काय डोळे मिटायचे?

"चिंध्या," ती म्हणाली.

तो थांबला. शब्द त्याच्या चेहऱ्यावर इकडून तिकडे गेला आणि कुठेच बसला नाही. "काय चिंध्या?"

"बाहुली म्हणजे हात. बाकी चिंध्या. तू म्हणालास. मुलाखतीत."

"मी असं म्हणेन?"

"बाविसाव्या मिनिटाला म्हणालास. मागे मी बसलेय."

त्याला खरंच आठवत नव्हतं. ती त्याच्याकडे बघत होती आणि तिला दिसत होतं की तो ढोंग करत नाहीये. याचं बरं वाटावं की वाईट, हे तिला ठरवता येईना. त्याने डाव्या हाताने खिशातून मोबाइल काढला. उजवा हिरवेकाकांतच होता, काढायचं त्याच्या लक्षात आलं नाही. डाव्या अंगठ्याने चुकत माकत त्याने ती मुलाखत शोधली, तिने आकडा सांगितला, आणि दोघं त्या लहानशा काचेवर वाकले. हीच खोली, हेच कपाट. तो हात वर करून तोंड वळवतो. म्हणतो. सगळे हसतात. खुर्चीतला तो हसला नाही. मग म्हणाला, "तू पण हसलीस की." त्यात तक्रार नव्हती, नुसतं दिसलं ते सांगितल्यासारखं.

"हसले," ती म्हणाली.

त्याने व्हिडिओ मागे नेला. दुसऱ्यांदा पाहताना त्याची नजर स्वतःवर नव्हती, कोपऱ्यात होती, त्याच्या कोपराच्या मागे, जिथे तिचा चेहरा वाटाण्याएवढा आणि धूसर दिसत होता. तिसऱ्यांदा त्याने मोबाइल डोळ्यांजवळ नेला. चौथ्यांदा मध्येच थांबवला.

"इथे," तो म्हणाला. "हसून झाल्यावर. इथे तू खाली बघितलंस."

समोरच्या गच्चीवर आजही चाललेलं गादी झोडणं थांबलं होतं. त्याने अंगठ्याने परत थोडं मागे नेलं, आणि परत बघायला लागला.